रक्त न काढता : मूत्रपिंडाच्या कार्यमापनाविषयीच्या शास्त्रीय गद्याची चिकित्सा

शास्त्रीय लेखनाची समीक्षा बहुधा त्या त्या शास्त्राच्या अभ्यासकांपुरती मर्यादित राहते, आणि एका परीने ते योग्यही आहे. प्रयोग बरोबर की चूक, हे प्रयोगशाळेतील माणसानेच ठरवावे. परंतु प्रयोगाचा वृत्तांत भाषेत लिहिलेला असतो. आणि वृत्तांतातील शब्द प्रत्यक्ष प्रयोगाहून अधिक बोलू लागले म्हणजे ते कोठे व किती अधिक बोलतात, हे पाहण्याचे काम भाषेच्या अभ्यासकाकडे येते. प्रयोगशाळेतील प्राण्यांच्या मूत्रपिंडाचे कार्य रक्ताचे नमुने न घेता मोजण्याची जी पद्धती २००९ पासून रूढ होत गेली, तिच्याविषयीचे लेखन या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. पद्धती चांगली आहे, हे आरंभीच सांगितले पाहिजे. चिकित्सा करावयाची आहे ती तिच्याभोवती जमलेल्या तीन शब्दांची : 'क्लिअरन्स', 'मापन' आणि 'अनाक्रमक'.

या तीन शब्दांपैकी पहिला सर्वांत जुना. मूत्रपिंडात रक्तातील द्रव दाबाखाली गाळला जातो, ही कल्पना कार्ल लुडविग याने १८४० नंतरच्या काही वर्षांत मांडली. केशवाहिन्यांच्या गुच्छांतून खरोखरच असा गाळलेला द्रव बाहेर येतो, याचा प्रत्यक्ष पुरावा १९२४ साली फिलाडेल्फिया येथे रिचर्ड्स व त्याचे सहकारी यांनी बेडकाच्या मूत्रपिंडातून अतिसूक्ष्म नळीने द्रव काढून दिला. कोपनहेगनच्या रेबर्गने १९२६ साली क्रिएटिनिनच्या आधारे माणसातील गाळणवेगाचा हिशेब मांडला. आणि १९२८ साली म्युलर, मॅकिंटॉश आणि व्हॅन स्लाइक यांनी यूरियाच्या उत्सर्जनाविषयी लिहिताना 'क्लिअरन्स' हा शब्द शरीरक्रियाशास्त्रात आणला. निरोगी माणसाचे यूरियाचे 'प्रमाण क्लिअरन्स' मिनिटाला ५४ घनसेंटिमीटर आणि 'कमाल क्लिअरन्स' ७५ घनसेंटिमीटर, ही त्या काळची आकडेवारी पुढे कित्येक वर्षे वैद्यकाचे विद्यार्थी पाठ करीत असत.

हा शब्द दिसतो तितका साधा नाही. त्याची व्याख्या अशी केली जाते : एखादा पदार्थ मिनिटाभरात जितका मूत्रात उतरतो, तितका पदार्थ ज्या आकारमानाच्या प्लाझ्मात असतो, ते आकारमान म्हणजे त्या पदार्थाचे क्लिअरन्स. आता प्रश्न असा की, हे आकारमान असते कोठे? कोठेही नसते. मूत्रपिंडातून जाणाऱ्या प्लाझ्माचा सुमारे पाचवा हिस्सा गाळला जातो. इन्युलिनसारख्या पदार्थाच्या बाबतीत प्रत्येक थेंब आपल्याजवळचा पाचवा हिस्सा सोडून पुढे निघून जातो. पूर्णपणे स्वच्छ झालेला असा एकही घनसेंटिमीटर शरीरात कोठे सापडावयाचा नाही. 'सारा पदार्थ थोड्याच प्लाझ्मातून संपूर्णपणे निघाला असता, तर तो इतक्या प्लाझ्मातून निघाला असता', असे हे संकेतार्थी विधान आहे. मराठीत ते सांगावयाचे तर 'असता-तर'ची जोडी टाळता येत नाही. परंतु विधानाचे नाम झाले, म्हणजे 'क्लिअरन्स' किंवा त्याचा मराठी पर्याय 'निर्मलन' वाक्यात कर्त्याच्या जागी येऊन बसला, की ती जोडी गळून पडते आणि 'निर्मलन इतके आहे' असे निश्चयार्थी वाक्य उरते. नामीकरणाचा हा परिणाम कोणत्याही भाषेत होतो. शास्त्रीय गद्यात तो विशेष होतो, कारण तेथे नामांवाचून चालत नाही. यात फसवणूक नाही. जुन्या पाठ्यपुस्तकांत हे आकारमान काल्पनिक आहे असे स्पष्ट बजावलेले असे. पण संकेतार्थ एकदा नामात लपला की त्याच्यावर दुसरा संकेतार्थ, दुसऱ्यावर तिसरा, अशी रास रचणे सोपे होते. रक्ताविना केलेल्या मापनाच्या लेखनात नेमके हेच घडले आहे.

त्यापूर्वी ही पद्धती का हवी होती ते पाहिले पाहिजे. नाही तर चिकित्सेला अकारण धार येईल.

गाळणवेग मोजण्यासाठी जो पदार्थ वापरावयाचा, त्याची लक्षणे सारी नकारार्थी आहेत. तो मूत्रपिंडातील नलिकांत परत शोषला जाऊ नये, त्यांतून स्रवू नये, शरीरात त्याचे विघटन होऊ नये, तो प्रथिनांना चिकटू नये. मुक्तपणे गाळला जावा एवढे एकच होकारार्थी लक्षण. उपनिषदातील 'नेति नेति'ची आठवण व्हावी, अशी ही व्याख्या आहे. १९३४-३५ च्या सुमारास फिलाडेल्फियात रिचर्ड्स आणि न्यूयॉर्कमध्ये होमर स्मिथ व शॅनन यांनी परस्परांहून स्वतंत्रपणे इन्युलिन ही वनस्पतिज शर्करा या कसोट्यांना उतरते असे दाखविले, आणि इन्युलिनचे क्लिअरन्स हे गाळणवेगाचे सुवर्णप्रमाण ठरले. मात्र त्यासाठी इन्युलिन शिरेतून सतत चालू ठेवावे लागते, ठराविक वेळाने मूत्र जमवावे लागते आणि मधून मधून रक्त काढावे लागते. माणसाला हे कंटाळवाणे आहे. पंचवीस ग्रॅमच्या उंदराला जवळजवळ अशक्य आहे.

या उंदराच्या अंगात रक्त असते ते दोन घनसेंटिमीटरांहूनही कमी. पाचसहा नमुन्यांसाठी थेंब थेंब काढले तरी एकंदर रक्ताचा लक्षात येण्याजोगा भाग निघून जातो. रक्त कमी झाले की रक्तदाब बदलतो, रक्तदाब बदलला की गाळणवेग बदलतो. उंदीर स्थिर राहावा म्हणून गुंगी द्यावी, तर गुंगीनेही गाळणवेग उतरतो. म्हणजे जे मोजावयाचे तेच मोजण्याच्या कृतीने हलते. एकाच वेळी काढलेल्या रक्तातील क्रिएटिनिन पाहावे, तर त्यातही दोन अडचणी. मूत्रपिंडाचे निम्मे कार्य गेल्यावाचून तो आकडा फारसा वर चढत नाही. आणि याफे याने १८८६ साली शोधलेल्या पिक्रेटच्या रंगक्रियेने उंदराच्या रक्तातील इतर द्रव्येही क्रिएटिनिन म्हणून मोजली जातात, त्यामुळे तो आकडा खऱ्याच्या कित्येक पट निघतो. शिवाय माऊस जातीच्या उंदराच्या नलिका क्रिएटिनिन स्रवतातही. अशा परिस्थितीत रक्ताला हात न लावता गाळणवेग कळण्याची सोय झाली, तर तिचे स्वागत कोण करणार नाही?

ही सोय केली ती मुख्यत्वे जर्मनीतील मानहाइम येथील संशोधकांनी. त्यांचा रॅटवरील पहिला निबंध २००९ साली प्रसिद्ध झाला, गुंगीविना जाग्या रॅटवर छोटे यंत्र बांधून केलेल्या प्रयोगांचा २०११ साली, आणि माऊसवरील २०१२ साली. पद्धती अशी : इन्युलिनच्या कुळातील सिनिस्ट्रिन या पाण्यात सहज विरघळणाऱ्या शर्करेला फ्लुओरेसीन जातीचा प्रकाशणारा रंग जोडावयाचा. उंदराच्या पाठीवरचे केस काढून तेथे काही ग्रॅम वजनाचे यंत्र चिकटवावयाचे. रंगयुक्त सिनिस्ट्रिन शिरेत टोचले की यंत्रातील निळ्या प्रकाशाने त्वचेखालचा रंग हिरवा उजळतो, आणि तो उजेड यंत्र क्षणोक्षणी नोंदवीत राहते. उंदीर पिंजऱ्यात मोकळा फिरतो. मूत्रपिंड जसजसे सिनिस्ट्रिन बाहेर टाकते, तसतसा उजेड मंदावतो. तासा-दीड तासाने यंत्र काढून घ्यावयाचे, आणि उजेड निम्म्यावर यावयास किती मिनिटे लागली ते आलेखावरून काढावयाचे.

सिनिस्ट्रिन मिळते ते भूमध्य समुद्राच्या काठी वाढणाऱ्या एका रानटी कांद्यापासून. कोकणात व देशावर ज्याला रानकांदा किंवा कोळकांदा म्हणतात, तो याच कुळातला भारतीय भाऊबंद. नावाचे मूळ लॅटिनमधील 'डावा' या अर्थाच्या शब्दात आहे, कारण ही शर्करा ध्रुवित प्रकाशाला डावीकडे वळविते. त्याच शब्दाला लॅटिनमध्ये अशुभाचाही अर्थ आहे; सुदैवाने रसायनशास्त्रज्ञ नावे ठेवताना शकुन पाहत नाहीत.

या पद्धतीतील खरी चतुराई कोठे आहे, ते नीट पाहिले पाहिजे. त्वचेतून दिसणाऱ्या उजेडावरून रक्तात सिनिस्ट्रिन नेमके किती आहे, हे कळू शकत नाही. त्वचा कमीअधिक जाड असते. काळ्या वाणाच्या उंदरांच्या त्वचेत केस वाढण्याच्या काळात रंगद्रव्य साचते व ते प्रकाश गिळते. यंत्र किंचित सरकले तरी आकडा बदलतो. पण आकडा कोणताही असो, तो निम्मा व्हावयास लागणारा वेळ या साऱ्यांपासून पुष्कळसा अलिप्त असतो. दिवा मोठा असो वा लहान, तेल कोणत्या वेगाने संपत आहे ते कळले म्हणजे पुरे. तेव्हा यंत्राला 'किती?' हा प्रश्न विचारलेलाच नाही; 'किती वेगाने?' एवढाच विचारला आहे, आणि त्याचे उत्तर यंत्र चोख देते. जे कळू शकत नाही ते विचारावयाचेच नाही, हा शास्त्रातला मोठा विवेक आहे.

दुर्दैवाने निबंध लिहिताना हा विवेक टिकत नाही. यंत्राने दिलेले उत्तर मिनिटांत असते. निबंधाच्या कोष्टकात मात्र 'गाळणवेग, मायक्रोलिटर प्रतिमिनिट, वजनाच्या दर १०० ग्रॅमला' असे शीर्षक येते. मिनिटांचे मायक्रोलिटर झाले कसे? माऊससाठीचे रूढ सूत्र असे आहे : १४६१६.८ या संख्येला अर्धा उजेड उतरण्याच्या मिनिटांनी भागावे. अर्धकाल १४ मिनिटे आला, तर गाळणवेग सुमारे १०४४. एवढेच. सारा जादूचा खेळ त्या एका संख्येत आहे.

ही संख्या काय सांगते, ते तिची फोड केल्याशिवाय दिसत नाही. शरीर म्हणजे एकच हौद मानला, तर हौदातून पदार्थ निघून जाण्याचा वेग हौदाच्या आकारमानावर आणि बाहेर काढणाऱ्या पंपावर अवलंबून असतो. हौदाचे आकारमान गुणिले दोनचा स्वाभाविक लॉगॅरिथम, म्हणजे ०.६९३, भागिले अर्धकाल, हे पंपाचे काम. तेव्हा १४६१६.८ ला ०.६९३ ने भागले की हौदाचे आकारमान मिळते : वजनाच्या दर १०० ग्रॅमला सुमारे २१ मिलिलिटर. पेशींच्या बाहेरचे द्रव शरीराच्या वजनाच्या सुमारे पाचवा हिस्सा असते, हे शरीरक्रियाशास्त्रातील सर्वमान्य प्रमाण आहे; तेच येथे संख्येचे रूप घेऊन उभे आहे. सूत्र असे बोलते : 'या उंदराच्या पेशीबाह्य द्रवाचे प्रमाण जर २१ टक्के असेल, तर त्याचा गाळणवेग इतका.' हा दुसरा संकेतार्थ. आणि तोही क्लिअरन्सप्रमाणे नामात, किंबहुना त्याहून खोल, एका अंकात लपला आहे.

अंकांनाही व्याकरण असते. १४६१६.८ या लेखनातील दशांशचिन्हापुढचा आठ वाचकाला सांगतो की, ही संख्या सहाव्या अंकापर्यंत ठाऊक आहे. प्रत्यक्षात ती ज्या गृहीतावर उभी आहे, ते गृहीत दुसऱ्या अंकातही डळमळू शकते. 'अंदाजे पंधरा हजार' असे लिहिले असते, तर उत्तरात फारसा फरक पडला नसता आणि वाचक सावध राहिला असता. पण 'अंदाजे' या शब्दाला संशोधनपर निबंधात प्रतिष्ठा नाही.

यात केवळ शब्दांचा काथ्याकूट नाही, हे एका उदाहरणाने दिसेल. मूत्रपिंडाच्या विकारांचा अभ्यास करताना ज्या उंदरांना मुद्दाम रोगी केले जाते, त्यांतील काहींच्या मूत्रातून प्रथिने वाहून जातात, अंगावर सूज चढते, पोटात पाणी साठते. समजा, अशा उंदराचे पेशीबाह्य द्रव एक पंचमांशाने वाढले आणि मूत्रपिंड पूर्वीइतकेच काम करीत राहिले. हौद मोठा झाला, पंप तोच; तेव्हा अर्धकाल १४ वरून १६.८ मिनिटांवर जाईल. सूत्र त्याचे उत्तर ८७० असे देईल. कोष्टक वाचणारा म्हणेल की, मूत्रपिंडाने आपले सहाव्या हिश्शाचे काम गमावले. वास्तविक मूत्रपिंडाने काहीच गमावलेले नाही. उंदीर सुजला आहे. उलट पाण्यावाचून सुकलेल्या उंदराचे मूत्रपिंड कागदावर सुधारलेले दिसेल. अंगात चरबी फार असलेल्या उंदराचेही तसेच, कारण चरबीत पेशीबाह्य द्रव कमी आणि भागाकार मात्र एकंदर वजनाने. आता एखाद्या नव्या औषधाने मूत्रपिंडाला इजा होते की नाही, याचा निर्णय अशा कोष्टकावरून व्हावयाचा असेल, आणि त्याच औषधाने शरीरात पाणीही धरून राहत असेल, तर निर्णय कशावर झाला? औषध टाकून दिले जाईल किंवा पुढे माणसांपर्यंत जाईल, ते मूत्रपिंडामुळे की सुजेमुळे?

संशोधकांना हे ठाऊक नाही असे मुळीच नाही. हे रूपांतराचे सूत्र अर्धे प्रयोगसिद्ध आणि अर्धे गृहीतावर आधारलेले आहे, असे मूळ लेखनातच म्हटले आहे. एकाच हौदाऐवजी तीन कप्पे कल्पून आलेखाची अधिक काटेकोर मांडणी करणारे प्रतिमानही २०१६ साली पुढे आले. अडचण आहे ती मूळ निबंधांपेक्षा त्यांच्या आधारे लिहिल्या जाणाऱ्या नंतरच्या लेखनात. तेथे सूत्र 'पद्धती' या सदराखाली एका ओळीत येते आणि 'निष्कर्ष' या सदरात त्याचा मागमूस उरत नाही. 'गाळणवेग मोजला' या वाक्यात 'मोजणे' हे क्रियापद जे वचन देते, ते येथे पाळले गेलेले नसते. मोजला तो अर्धकाल, गाळणवेग अनुमानिला. माणसांच्या वैद्यकात हा भेद कटाक्षाने पाळतात. रक्तातील क्रिएटिनिनवरून सूत्राने काढलेल्या गाळणवेगाला 'अनुमानित' हे विशेषण लावल्यावाचून तो छापीत नाहीत. रक्ताविना काढलेला उंदराचा गाळणवेग त्या जुन्या अनुमानाहून पुष्कळच विश्वसनीय आहे, यात शंका नाही. पण अधिक विश्वसनीय अनुमान हेही अनुमानच. ज्या निबंधात अर्धकालाचे मूळ आकडे छापलेले असतात, तेथे वाचक स्वतः हिशेब तपासू शकतो. जेथे केवळ रूपांतरित गाळणवेग छापलेला असतो, तेथे त्याला लेखकाचे गृहीत निमूटपणे गिळावे लागते.

आणखी एक गोष्ट आहे. त्वचेवरील यंत्राचे आकडे खरे की खोटे, हे ठरविले गेले ते रक्ताच्या नमुन्यांशी ताडून. रक्ताविना चालणाऱ्या पद्धतीचा पाया रक्तातच घातलेला आहे. हा दोष नव्हे. नवी मापे जुन्या मापांवरूनच पारखावी लागतात. पण जुने माप कालबाह्य झाले अशा सुरात जेव्हा लिहिले जाते, तेव्हा एवढी आठवण ठेवणे उचित ठरेल.

आता 'अनाक्रमक'. इंग्रजीतील जे विशेषण या पद्धतीला वारंवार लावले जाते, त्याचे मूळ लॅटिनमधील चाल करून जाणे या क्रियापदात आहे, आणि मराठीत त्याचा हा जो अनुवाद रूढ होऊ पाहत आहे, तो मुळाला धरूनच आहे. शरीर म्हणजे गढी, सुई म्हणजे शत्रू, आणि शत्रू तटाच्या आत शिरला नाही असा एकंदर भाव. पण तो शिरतो. सिनिस्ट्रिन शेपटीच्या शिरेत टोचावे लागते. माऊसच्या बाबतीत कित्येकदा गुंगी देऊन डोळ्यामागील शिरांच्या जाळ्यात टोचतात. पाठीचे केस काढावे लागतात. यंत्र चिकटवावे लागते आणि नंतर उचकटावे लागते. यांपैकी एकही गोष्ट 'अनाक्रमक' या शब्दात मावत नाही. काही लेखक 'किमान आक्रमक' असे म्हणून वाट काढतात. ते बरे, पण 'किमान' कशाच्या मानाने, हे सांगावयाचे राहूनच जाते. मानहाइमच्या संशोधकांनी आपल्या निबंधांच्या शीर्षकांत 'त्वचेतून' या अर्थाचा शब्द घातला, हा त्यांचा संयम वाखाणण्यासारखा आहे. 'त्वचेतून' हे वर्णन आहे. 'अनाक्रमक' हा निवाडा आहे.

निवाड्याला महत्त्व अशासाठी की, तो वाचणारे केवळ संशोधक नसतात. १९५९ साली रसेल आणि बर्च यांनी प्राण्यांवरील प्रयोगांसाठी तीन तत्त्वे मांडली : प्राण्यांऐवजी दुसरे काही वापरावे, प्राण्यांची संख्या कमी करावी, आणि प्रयोगातील यातना कमी कराव्यात. भारतात १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये अशा प्रयोगांवर देखरेखीची तरतूद झाली. प्रयोगाची परवानगी देणाऱ्या समितीपुढे जो अर्ज जातो, त्यातील विशेषणांवर समितीचे लक्ष असते. 'अनाक्रमक' हा शब्द वाचून सभासद पुढच्या कलमाकडे वळतो. शिवाय येथे दोन तत्त्वांत अंतर्गत विरोध उत्पन्न होतो, आणि तो या शब्दाने झाकला जातो. रक्त काढावे लागत नाही म्हणून त्याच उंदराची चाचणी पुन्हा पुन्हा करता येते. प्रत्येक उंदराची तुलना त्याच्याशीच होते, त्यामुळे थोड्या उंदरांत काम भागते. संख्या घटली, हे खरे. पण उरलेल्या प्रत्येकाच्या वाट्याला अधिक सुया आणि अधिक गुंग्या आल्या, हेही खरे. एकंदरीत पारडे कोणत्या बाजूला झुकते? बहुधा नव्या पद्धतीच्याच. पण तोलावयाचे तर दोन्ही पारड्यांत काय आहे ते दिसले पाहिजे.

मराठी परिभाषा घडविणाऱ्यांना येथे एक संधी आहे. मराठीत नकार सांगण्याची एक फार नेमकी रचना आहे : 'न' आणि धातुसाधित अव्यय. 'न बोलता', 'न सांगता', 'रक्त न काढता'. ही रचना कोणती कृती टाळली ते नेमके सांगते आणि तेवढेच सांगते. सुई टोचली की नाही, याविषयी ती मौन राखते. खोटे मात्र सांगत नाही. 'अनाक्रमक' या तत्समात क्रिया नाहीशी होते आणि एक सर्वव्यापी सात्त्विकपणा उरतो. परिभाषा ही विशेषणांची आणि नामांचीच असली पाहिजे, हा ग्रह मराठीत इतका दृढ झाला आहे की, बोलीत तयार असलेले साधन वापरण्याचे कोणाला सुचत नाही. 'रक्त न काढता केलेली त्वचेवरील चाचणी' हे लांबट आहे खरे. पण त्यात वाचकाची दिशाभूल नाही.

गाळण्याच्या बाबतीतही तसेच. मराठी बाई चहा गाळते, पीठ चाळते, तांदूळ पाखडते आणि निवडते. चार क्रिया, चार धातू. मूत्रपिंड यांपैकी दोन कामे करते. गुच्छांत गाळते आणि नलिकांत निवडते. 'निस्यंदन', 'निर्मलन', 'निष्कासन', 'शोधन' या भारदस्त शब्दांच्या गर्दीत हा भेद विद्यार्थ्याच्या हाती लागत नाही. 'गाळणवेग' म्हटल्याबरोबर लागतो, आणि त्वचेवरील यंत्राला केवळ गाळण्याचीच वार्ता आहे, निवडण्याची नाही, हेही त्याला आपोआप कळते. नलिकांचे आजार या यंत्राला सरळ दिसत नाहीत. 'मूत्रपिंडाचे कार्य मोजले' असे सरसकट लिहिणाऱ्याने हे विसरता कामा नये. (खाटकाच्या दुकानातला 'गुर्दा' शास्त्रीय मराठीत का चालू नये, हा स्वतंत्र प्रश्न आहे.)

अनुवादकाची एक चूक तर हिशेबालाच धक्का देणारी आहे. मराठीत माऊस आणि रॅट या दोहोंनाही 'उंदीर' म्हणतात. घरातल्या उंदराचा बंदोबस्त करावयाचा असतो तेव्हा हा भेद कोणाला लागत नाही. परंतु वर सांगितलेला १४६१६.८ हा स्थिरांक माऊसचा आहे. रॅटचा स्थिरांक निराळा आहे. दोन निबंधांचा सारांश मराठीत देताना दोन्हीकडे 'उंदीर' लिहिले, आणि एकाचा अर्धकाल दुसऱ्याच्या सूत्रात घातला, की उत्तर चुकलेच. येथे 'माऊस' आणि 'रॅट' हे परके शब्द निःसंकोचपणे ठेवावेत. 'घूस' वापरू नये, कारण तो तिसराच प्राणी आहे.

हे सारे आता उंदरांपुरते राहिलेले नाही. त्याच तत्त्वावर चालणारे, पण वेगळा रंग वापरणारे यंत्र माणसांसाठी तयार झाले असून, जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली. तेथेही शिरेत रंग टोचतात, त्वचेवरील उजेड उतरण्याचा वेग पाहतात आणि त्यावरून गाळणवेग काढतात. उद्या एखाद्या मराठी रुग्णाच्या हातात असा अहवाल पडेल, तेव्हा त्यात 'मोजलेला' लिहावयाचे की 'काढलेला', हे कोणीतरी ठरवावे लागेल.

त्या अहवालात आणखी एक शब्द येण्याचा संभव आहे. अर्धा उजेड उतरण्याच्या काळाला इंग्रजीतील रूढ शब्दाच्या अनुवादाने मराठीत 'अर्धायुष्य' म्हणतात. किरणोत्सर्गी पदार्थांच्या बाबतीत तो शब्द रुळला आहे आणि तेथे तो शोभतोही. परंतु प्रयोग संपल्यावर बहुतेक उंदरांची मूत्रपिंडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी काढून घेतली जातात, अशा कोष्टकाच्या माथ्यावर 'अर्धायुष्य : १४ मिनिटे' असे छापलेले वाचताना वाचक क्षणभर थबकतो. 'अर्धकाल' म्हटल्याने काम भागते.